सड्यावरचं राजस्थान

“सदूकाका, हलू नका हं. आणि हसू तर मुळीच नका. वाळवंटातली माणसं अशी हसत नाहीत.”

“का गो? त्यांना दात नसतात?” असं विचारून सदू होते नव्हते ते सगळे दात दाखवून हसला.

सदू सावनीच्या बाबांच्या आंब्याच्या बागेत राखणीला होता. त्याच्या डोक्याला सावनीने आईची बांधणीची ओढणी गुंडाळली होती. मागे राजापूरजवळचा सडा मे महिन्याच्या उन्हात भाजून निघत होता. झाड नाही, झुडूप नाही, गवत केव्हाच करपलेलं, नुसता काळपट तांबडा कातळ. सावनी पालथी पडली आणि आंब्याची कलमं बाहेर राहतील अशा बेताने तिने फोटो काढला.

खाली लिहिलं, ‘जैसलमेरच्या अलीकडे. इथले लोक फार साधे गं!’ आणि दिला वर्गातल्या ईशाला पाठवून.

‘साधे’ लिहिताना तिचे कान तापले. साधा सदूकाका तोवर ओढणी नीट घडी करून तिच्या हातात देत होता.

ठरल्यासारखं झालं असतं तर खोटं बोलायची वेळच आली नसती. बाबांनी जुनी मिनीबस घेऊन तिचं फिरतं घर केलं होतं. झोपायला बाकं, गॅसची शेगडी, चिमुकलं बेसिन, सगळं! एप्रिलमध्ये आंबा आटपायचा आणि राजस्थान, हिमाचल असं महिनाभर फोटो काढत हिंडायचं. सावनीने हे वर्गात इतक्यांदा ऐकवलं, की भूगोलाच्या बाईंनी शेवटी तिलाच नकाशासमोर उभं केलं होतं. पण यंदा मोहोरच उशिरा धरला. ऐन मे महिन्यात आंबा तयार व्हायला लागला आणि फिरतं घर रत्नागिरीहून निघून वानरं हाकायला या बागेच्या कडेला येऊन उभं राहिलं.

“आंबा झाडावर टाकून जाणार कुठे?” बाबा म्हणाले. “पुढल्या वर्षी बघू.”

पुढल्या वर्षी! आणि जूनमध्ये शाळेत कुठलं तोंड दाखवायचं?

सदूकाकाच्या आधी सड्याचा पहिला फोटो तिने नुसता पाठवून पाहिला होता. ‘बापरे, पोचलात पण? कसली नशीबवान आहेस गं!’ असं रत्नागिरीहून ईशाचं उत्तर आलं. ते वाचताना इतकं गोड वाटलं, की मागे फिरणं राहूनच गेलं.

मग एक दिवस ईशाचाच फोन आला.

“बातमी ऐक! आम्ही पण निघालो. बाबांनी रजाच टाकली. तुझे फोटो बघून आजी पण येत्येय. जैसलमेरला भेटू!”

सावनी घाईघाईने म्हणाली, “एवढ्या उन्हात कशाला गं?”

“वा गं वा! तू गेलीस ते काय थंडीत?”

थोड्याच दिवसांत ईशाचे फोटो यायला लागले. वाळू, नुसती सोनेरी वाळू. एका फोटोत तर ईशा गॉगल लावून उंटावर बसलेली, उंटाच्या गळ्यात रंगीत गोंडे. त्यापुढे सावनीचं राजस्थान अगदीच गरीब दिसत होतं.

‘आम्ही आलो. तुम्ही कुठे?’

सावनीने पहाटे उठून पूर्वेकडची सह्याद्रीची निळी रांग टिपली. ‘चुकामूक झाली गं! आम्ही हिमाचलात.’

‘मग आम्ही पण तिकडेच येतो. पाठ सोडणार नाही तुझी!’

“कुणाला हिमाचल दाखवत्येस?” मागे आई उभी होती, हातात दुधाची पिशवी. सावनीने रडवेलं होऊन सगळं सांगितलं. आईने पिशवी खाली ठेवली.

“अगो, ती माणसं तुझ्या नादाने उन्हातान्हात वणवण करतायत. सांगून टाक.”

“सगळे हसतील मला.”

“हसतील नि गप्प बसतील. काय व्हायचंय त्याने?”

तरी सावनीने सांगितलं नाही. उद्या सांगू, उद्या सांगू, असं करत राहिली.

आणि मग दुपारी ईशाचा मेसेज आला. ‘आजीला ऊन लागलं. उलट्या थांबत नाहीत. हिमाचल रद्द. परत फिरतोय.’

ही आजी सावनी ईशाच्या घरी गेली की हातावर खोबऱ्याची वडी ठेवायची, आणि एक रुमालात बांधून द्यायची. सावनीला स्वतःचं तोंड बेसिनवरच्या आरशात बघवेना. पानातला आंबा तिने तसाच टाकला, सड्यावर जाऊन उभी राहिली आणि फोन लावला.

“कुठवर आलात गं?”

“जोधपूर सोडलं,” ईशाचा आवाज अगदी बारीक येत होता. “वाळवंटातच थांबलोय जरा. वारं फार आहे, ऐकू येतंय ना?”

“येतंय. ईशा, फोन ठेवू नकोस. आम्ही कुठेच गेलो नाही गं. राजापूरच्या पुढे गाडी हललीच नाही. ते वाळवंट म्हणजे आमचा सडा. तो पगडीवाला आमचा सदूकाका. हिमाचल म्हणजे आपलाच सह्याद्री. मी खोटं बोलले, आणि तुम्ही बिचारे खरंच एवढ्या लांब गेलात. आजीला काही झालं तर मी काय करू? मला शिव्या घाल, वाट्टेल ते बोल, पण बोल गं काहीतरी!”



सावनीने फोन कानावर घट्ट दाबला आणि ऐकत राहिली. पलीकडे ईशाचा श्वास तेवढा येत होता, आणि तिच्या मागे एक लाट फुटून वाळूवरून सळसळत परत गेली.