निळ्या छपरांची जागा

"आजी, हा फोटो बघा." उ-जिनने मोबाइल माल-सुनपुढे धरला. विमानातून काढलेला जुना फोटो होता. "तुमच्या याच शेतात लांबलचक निळी छपरं दिसतायत. आणि हा पुढच्या वर्षीचा. नुसती उकरलेली माती. मधे काय झालं इथं?"

माल-सुनने फोटोकडे नीट पाहिलंच नाही.

सोलहून आलेल्या या जोडप्याची ही तिसरी खेप. जमीन दोघांनाही पसंत होती. पण भाजी पिकवायची, तर आधी इथं काय काय होतं ते कळायला हवं, असं उ-जिनचं म्हणणं. त्याची बायको दा-सोम बांधाशी बसली होती. शेजारी लेक मातीत खेळत होती.

"डुकरं पाळायचो," माल-सुन म्हणाली. "त्याआधी भात."

"मग डुकरांचं काय झालं?"

"विकली," छोई मधेच म्हणाला. तो गावचा प्रमुख. व्यवहार त्यानेच जुळवून आणला होता. "यांच्या यजमानांना झेपेना, मग छपरं पाडली आणि तीळ पेरले. काय हो वहिनी?"

माल-सुनने मान हलवली. आंबवलेल्या चटणीचे रांजण शेजारणींना वाटून झाले होते, गाठोडी बांधून तयार होती. जमीन गेली की मुलगा इंचॉनला मोठं घर घेऊन तिला नेणार होता. आता नुसती मान हलवत राहायची होती.

"म्हणजे बोअर मारायला हरकत नाही," उ-जिन म्हणाला. "नळ येईपर्यंत तेच पाणी प्यायचंय आम्हाला." तो चालत शेताच्या मधोमध गेला आणि टाच आपटून ओरडला, "इथं मारू?"

छोई तिच्याजवळ सरकला. "वहिनी, गप्प राहा. पलीकडे माझीही जमीन आहे. एकाचं फुटलं की सगळ्या गावाचं फुटेल."

बांधाशी पोरीने मूठभर माती तोंडात कोंबली. "अगं हावरे, सकाळी जेवलीस ना!" दा-सोम हसत तिच्या तोंडातली माती काढू लागली.

"तिथं नको," माल-सुन म्हणाली.

"मग कुठं?"

"कुठंच नको. विकली नाहीत ती. रोग आला होता. पांढऱ्या पोशाखातली माणसं आली. खड्डा खणला, प्लॅस्टिक अंथरलं आणि जिवंतच ढकलली. सगळी तुझ्या पायाखाली आहेत, बाळा."

उ-जिन जागच्या जागी थिजला. दा-सोमने लेकीला उचललं आणि तिचे हात आपल्या झग्याला खसाखसा पुसू लागली. तिघं घाईने गाडीत बसली. गाडी धूळ उडवत निघून गेली.

"झालं समाधान?" छोई कडाडला. "सुटला होतात की इथून! आता ही जमीन कुणी फुकटसुद्धा घेणार नाही. बसा मरेपर्यंत!"

"सुटले कुठं होते?" माल-सुन म्हणाली. "त्या दिवशी मी दार लावून रेडिओ मोठा केला होता. अजून ऐकू येतं सगळं." मग तिने हळूच विचारलं, "तुमच्याकडची ओरडतात का हो?"

छोई पाठ फिरवून घरी निघाला. त्याचं शेत मधेच होतं, सरळ वाट त्यातूनच जात होती. तो मात्र कडेकडेनं, बांधावरून, लांबचा वळसा घालून गेला.