रायफलचं तेलपाणी

२००५ साली अमेरिकेतल्या ट्रॉयमध्ये ऑफिसच्या मित्रांचं बघून देवदत्तने हरणाच्या शिकारीसाठी रायफल आणली, तेव्हा त्याची बायको हिमानी आठवडाभर त्याच्याशी बोलली नव्हती. दसऱ्याला मात्र तिनेच रायफलचं तेलपाणी करून साग्रसंगीत पूजा केली. आली बाई लायनीवर, असं त्याला वाटलं.

नोव्हेंबरात बर्फात हरीण समोर उभं आणि रायफल नुसती 'खट्'! काडतुसं बदलली, पुन्हा पुन्हा चाप ओढला, तरी तेच. शेवटी दुकानदाराने बोल्ट खोलला. काडतुसावर आपटणारी आतली पिन पांढऱ्या, गोठलेल्या तेलात रुतून बसली होती.

घरी येऊन तो ओरडला, "खोबरेल घातलंस? अगं, ते थंडीत गोठतं!"

मुलीच्या डोक्याला तेच तेल चोळता चोळता हिमानी म्हणाली,

"गोठतं, म्हणूनच घातलं. पुढच्या दसऱ्यालाही घालणार."