गुलाबाची पानं कोण नेतं

कुमुदने गुलाबाचं पान उजेडात धरलं आणि तिचं डोकंच फिरलं. पानाच्या कडेला तीन अर्धगोल. कुरतडलेले नव्हेत, शिंप्याने कात्री फिरवावी तसे सफाईने कापलेले. काल अशी सहा पानं होती, आज अकरा.

गावठी गुलाबाची ही दोन झाडं तिला जीव की प्राण. तिने पानांच्या मागे पाहिलं, अळी नाही. कोवळ्या शेंड्यांवर मावा नाही, खोडावर खवले नाहीत. चोरी दिसत होती, चोराचा पत्ता नव्हता. बोर्लीच्या दुकानदाराने पानांच्या फोटोकडे धड न बघताच औषधाची बाटली पुढे केली होती. ते औषध आता पंपात कालवून तयार होतं.

"मैथिली, तू आत जा. वास येईल," ती पडवीत बसलेल्या लेकीला म्हणाली.

मैथिलीला सातवा लागला होता. याआधी दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा पाचव्यातच सगळं संपलं. त्यामुळे यंदा घरात बाळाचं नाव कुणी काढत नव्हतं. डोहाळजेवण नाही, दुपटी नाहीत. "हातात आलं की बघू," असं कुमुदने सगळ्यांना बजावलं होतं. जुन्या सुती साड्यांची ट्रंक तिने उघडलीसुद्धा नव्हती.

"काकू, थांबा जरा," वाडीत पातेरा, वाळकी पानं गोळा करणारी कोकिळा म्हणाली. "ती बघा, आली."

एक काळपट माशी आधीच कापलेल्या एका पानाच्या कडेवर बसली होती. मधमाशीसारखीच, पण आखूड. तिचा जबडा चालू झाला. ज्या तुकड्यावर उभी, तोच तुकडा ती कापत होती, आणि कापता कापता गोल फिरत होती. दहा आकडे मोजेपर्यंत तुकडा सुटला. तुकड्यासकट माशी खाली पडली, आणि जमिनीला लागायच्या आत पंख उघडून उडाली. कुमुदच्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं.

माशी अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या बांबूवर गेली आणि त्याच्या पोकळ तोंडातून आत शिरली.

"खायला न्हाय नेत ती," कोकिळा म्हणाली. "पोरासाठी नेते. आमच्या कुडाच्या बांबूतबी घालतात. पानाची गुंडाळी करायची, आत खाऊ ठेवायचा, मग अंडं घालायचं आणि तोंड बंद करायचं."

"आणि मग?"

"मग काय? पोर बाहेर येईस्तोवर ती न्हाय र्‍हात. तिला न्हाय दिसत ते."

कुमुद बांबूशी वाकली. आत हिरव्या पानांचे तुकडे एकात एक बसवलेले, कुठे सुरकुती नाही, कुठे फट नाही. चाळीस वर्षं तिने शिवणकाम केलं होतं, पण खडूने आखल्याशिवाय तिला गोल कापता आला नव्हता. आणि हा नखाएवढा जीव, उद्याची कसलीही खात्री नसताना अंड्याच्या आधी अंथरूण घालत होता. तिला आश्चर्य वाटलं, आणि त्यापाठोपाठ स्वतःची लाज वाटली.

माशी बाहेर आली आणि तिच्या कानाजवळून पुन्हा गुलाबाकडे गेली. बारावं पान.

कुमुदने पंप खाली ठेवला. ती आत गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली आकाशी साडी होती, आणि कात्री.

मैथिली दचकून उठली. "आई, नको गं. अजून अवकाश आहे."

"म्हणूनच," कुमुद म्हणाली, आणि तिने साडीला कात्री लावली.

चार वाजेपर्यंत सात दुपटी शिवून, धुऊन बांबूवर ओळीने वाळत पडली. सातवं बांबूच्या तोंडावर येत होतं. मैथिली पोट सावरत उठली, तिने ते दुपटं वीतभर अलीकडे सरकवलं, आणि माशीला वाट करून दिली.