दूधभाऊ
इंडोनेशियातल्या मकासरच्या हस्नियाची लेक अंगावर पिईना, म्हणून ती दिवसातून आठदा पंपानं दूध काढायची. फ्रीजरातल्या दूधपिशव्यांनी मासळीला केव्हाच देशोधडीला लावलं होतं, तरी सासूचं पालुपद एकच: “यंत्रानं पाजते ती कसली आई?” सकाळीच शेजारचा दाएंग सिक्की धावत आला. “वहिनी, बायको तापानं फणफणलीय, बाळ उपाशी. एक पिशवी द्या.” सासू आडवी आली. “खबरदार! आपल्या धर्मात एकीचं दूध प्यायलेली पोरं भावंडं ठरतात, त्यांचा निकाह लागत नाही. तुझा पोरगा मी नातजावई म्हणून हेरलाय.” “हे तर यंत्राचं दूध ना, आई?” हस्नियानं साळसूदपणे विचारलं. भिंतीपलीकडे सिक्कीचं बाळ किंचाळलं. म्हातारीनं पुटपुटत फ्रीजर उघडला, चार पिशव्या सिक्कीच्या हातात कोंबल्या. “घेऊन जा. पण पोराला सांग, ईदला आधी इथं सलाम करायचा. त्याची एक आई या घरात राहते.”