डावा आरसा

गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला बाबांना खपत नसे. ऑइल बदलायचं असो की चेन ताणायची, सगळं घरच्या घरी, फाटका बनियन घालून. आज त्यांनी दोन नवे आरसे बसवले. मुलीने गाडीवर बसून पाहिलं, तर उजव्यात मागचा रस्ता दिसत होता आणि डाव्यात नुसती मागची सीट.

बाबा पाठमोरे हात पुसत होते. तिने दोनदा सांगितलं. पण ते कामात असले की हाक मारा नाहीतर ढोल बडवा, सारखंच. शेवटी ते वळले.

"काय गं?"

"डावा वाकडा बसलाय. रस्ता राहिला बाजूला, आईच दिसेल त्यात!"

"मग दिसू दे की," म्हणत ते हसत किल्ली आणायला आत गेले.

"या वयात प्रेम उतू चाललंय," असं पुटपुटत मुलीने पाना उचलला. आईने तिचा हात धरला.

"राहू दे. जुनाही तसाच होता. मागून बोललेलं त्यांना ऐकू येत नाही आता. आरशात माझे ओठ बघतात."

मग दाराकडे पाठ करून आई म्हणाली, "मला कळलंय, हे मात्र त्यांना कळू देऊ नकोस."