डावा हात

"येत असेल त्यानं उजवा हात वर करायचा, येत नसेल त्यानं डावा. पण हात सगळ्यांचा वर पाहिजे," कृपा मॅडमनी पुन्हा एकदा बजावलं. तपासणीला येणाऱ्या साहेबांना वर्ग हातांनी भरलेला दिसायला हवा होता, आणि मॅडमना कुणाला उठवायचं नाही ते कळायला हवं होतं.

मग त्या राजेश्वरीच्या बाकाजवळ आल्या. आठवीत इंग्रजी तिच्याइतकं कुणालाच येत नव्हतं.

"तू आज डावा," त्या हळूच म्हणाल्या.

"मॅडम, मला येतंय की."

"म्हणूनच."

काल मधल्या सुट्टीत राजेश्वरीनं त्यांना सांगितलं होतं. रविवारी तिची हळद, रविवारीच लग्न, कुणाला बोलावणं नाही. नवरा मुलगा ऊसतोडीच्या टोळीतला. कारखाने सुरू व्हायच्या आत त्याला बायको पाहिजे होती, कारण टोळीत एकटा माणूस घेत नाहीत, जोडी लागते. हे सगळं ठरवलं होतं तिच्या चुलत्यानं. मॅडम "बघू" म्हणाल्या होत्या. चुलता म्हणजे बिभीषण, शाळा समितीचा अध्यक्ष. मॅडमच्या भाड्याच्या खोलीचा मालकही तोच.

भागवतसाहेब तपासणीला आले ते बिभीषणलाच बरोबर घेऊन. कडक इस्त्रीतला बिभीषण शेवटच्या बाकावर गुडघे आवळून बसला. इंग्रजीशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं, पण साहेबांचं जेवण त्याच्याकडं होतं.

मॅडमनी फळ्यावर वाक्य लिहिलं. इफ इट रेन्स, वी कॅन स्टे ॲट होम. "आधी अट," त्या म्हणाल्या. "अमुक झालं तर. मग पुढचं. होईल, होऊ शकेल, नाहीतर करावंच लागेल. विल, कॅन, मस्ट. कोण सांगतंय?"

तीसेक हात वर गेले. मॅडमनी उजव्यांतला ओम उठवला.

"इफ माय गोट डाइज, आय मस्ट क्राय."

वर्ग हसला. साहेबही हसले. वाक्य पुरं झालं की टाळ्या वाजवायच्या असं ठरलेलं होतं, त्या वाजल्या.

"मॅडम," साहेब उठत म्हणाले, "मी पण मास्तरच होतो हो. उजव्या हातांचं ऐकलं. आता एक डावा ऐकू द्या." आणि त्यांनी राजेश्वरीकडं बोट केलं. "ऊठ बाळ. चुकलं तरी चालेल."

राजेश्वरी उठली. तिनं मॅडमकडं पाहिलं. मॅडम फळ्याकडं पाहत होत्या.

"इफ समबडी स्टॉप्स देम," ती एकेक शब्द जपून ठेवत म्हणाली, "आय कॅन कम टू स्कूल ऑन मंडे." ती थांबली. मग जरा मोठ्यानं, "इफ नोबडी स्टॉप्स देम, आय मस्ट गो अँड कट शुगरकेन विथ अ मॅन. आय ॲम ओन्ली फोर्टीन."

टाळ्या वाजल्या. पोरं थांबली तरी बिभीषणच्या चालूच होत्या.

"शुगर म्हनली बगा! कारखान्याचं बी इंग्लिश येतंय आमच्या पोरीला!"

साहेबांच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, नुसतं आतून विझलं. "स्टॉप हूम?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

राजेश्वरीनं नाव घेतलं नाही. साहेबांच्या खांद्यावरून तिनं शेवटच्या बाकाकडं पाहिलं. साहेब वळले. बिभीषणनं बसल्या जागी हात जोडले.

"साहेब, लई येळ लागंल का आजून? न्हाई म्हंजे, शिपी आमटी हाय. निवली की मजा जाती तिची."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"वाक्यं बरोबर आहेत," ते म्हणाले. "दोन्ही. व्हेरी गुड."

"पर म्हनली काय ती?" बिभीषण उठून उभाच राहिला. "मॅडम, मराठीत सांगा की. आमाला बी कळू द्या आमची पोरगी काय बोलली ते."

साहेब खिडकीतून बाहेर बघायला लागले. बाहेर त्यांची जीप होती आणि एक कुत्रं. राजेश्वरी अजून उभीच होती. आता तिचं लक्ष साहेबांकडं नव्हतं, मॅडमच्या तोंडाकडं होतं.

मॅडमनी डस्टर उचललं, परत ठेवलं.

"म्हणाली... शिकले तर मोठी होईन."

"आन् शुगर कुटं आली त्यात?"

"नाही शिकले तर," मॅडम फळ्याकडं वळल्या, "नाही शिकले तर ऊस तोडावा लागेल."

"व्हय की! लई खरं बोलली." बिभीषण बाकांतून वाट काढत पुढं आला. खिशातलं पेन काढून त्यानं राजेश्वरीच्या हातात दिलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "बस गं बाय."

ती बसली.

साहेब दारापर्यंत गेले होते. काहीतरी राहिल्यासारखे ते वळले आणि वर्गावरून नजर फिरवत म्हणाले, "मग? समजलं ना सगळ्यांना?"

भराभरा हात वर गेले. राजेश्वरीचाही गेला. डावा, मुठीत नवं पेन.

डाव्या हाताला विचारायचं नाही, असं ठरलं होतं. मॅडमनी विचारलं नाही.