तिसरा खण

"बाबा, गाजरं जरा कमी घाल ना," थोरली म्हणाली.

"गाजरं दातांना चांगली असतात," डॉक्टर म्हणाले आणि सुरी चालवत राहिले. दातांचेच डॉक्टर ते. दिवसभर दवाखान्यात लोकांना आ करायला लावायचं आणि घरी आलं की साखरेच्या नावाने बोटं मोडायची, यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. बाजूच्या शेगडीवर त्यांचं स्वतःचं ऑम्लेट होतं. त्यावर त्यांनी सवयीने मिरपूड घातली, ती इतकी की दारात उभा असलेला धाकटा शिंकला.

विमान दुपारचं होतं. थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. विमानतळावर विमान कंपनीची एक बाई दोघांना हाताला धरून आत नेणार आणि पलीकडच्या शहरात त्यांची आई त्यांना उतरवून घेणार. आईबाबा वेगळे झाल्यापासून हे असंच चाललं होतं. शाळा आईकडे, सुट्टी बाबांकडे.

खाऊचा डबा तीन खणांचा होता. मुलं दोन आणि खण तीन, पण दुकानात तसलाच मिळाला होता. डॉक्टरांनी कडा काढलेल्या पावाचे चौकोन एका खणात बसवले. धाकट्याचे अगदी घासाएवढे, कारण त्याचे पुढचे दोन दात पडले होते. दुसऱ्यात चीजचे तुकडे आणि बदाम. सांडेल असं काही नाही, बोटं चिकट होतील असं काही नाही, शेजारचा नाक मुरडेल असंही काही नाही. तिसऱ्यात गाजरं, ठासून.

खरं म्हणजे हा डबा त्यांची शेवटची उरलेली लढाई होती. इथून तो त्यांच्या हातचं घेऊन जायचा आणि तिकडून तिच्या हातचं घेऊन यायचा. मुलं घरी पोचली की आधी आंघोळीला पळायची आणि डॉक्टर ओट्यापाशी डबा उघडायचे. पहिले दोन खण रिकामे. तिसरा दर वेळी भरलेला. म्हणजे पोरांनी आईचा खाऊ टाकला तर! त्यांच्या मनात उकळ्या फुटायच्या. त्यांच्या डब्याचं तसं नव्हतं. मुलं तिकडे पोचल्यावर ते फोनवर विचारत, "संपलं का सगळं?" आणि उत्तर ठरलेलं असे, "सगळं संपलं."

मग तो तिसरा खण ते केराच्या टोपलीत उलटा करायचे. कधी केक, कधी गोड बिस्किटं. "साखर," असं टोपलीलाच सांगायचे, डबा धुवायचे आणि पालथा घालायचे. या खेपेला मात्र त्यात खारी, मिरीची बिस्किटं होती. ती बघून तर त्यांना हसूच आलं. सहा वर्षांचं पोर मिरीची बिस्किटं खातं होय? जन्मदात्या आईला एवढंही कळू नये? तीही टोपलीत गेली, चाखायचीसुद्धा राहिली.

मुलं गेली की घर खायला उठायचं. पेल्यातले दोन छोटे ब्रश ते तसेच ठेवायचे. संध्याकाळी टीव्ही लावायचे तो बघायला नव्हे, घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून. जेवायला बसताना तोंड भिंतीकडे करायचे, म्हणजे रिकाम्या खुर्च्या दिसत नसत. त्या पलीकडच्या घरात कधीतरी, कुणाच्या तरी तोंडून आपलं नाव निघावं, एवढंच त्यांना हवं होतं. निघतं का, हे मुलांना विचारायची त्यांची छाती नव्हती.

"आईला गाजरं आवडत नाहीत रे," थोरली पुन्हा म्हणाली.

"आईचा इथे काय संबंध? डबा तुमचा आहे."

"तिसरा खण आईचा असतो ना! सगळ्यातलं थोडं थोडं आम्ही तिच्यासाठी ठेवतो. घरी जायच्या आधीच ती विमानतळाबाहेरच्या बाकावर बसून खाते. गाजरंसुद्धा. तोंड वाकडं करते, पण एकही ठेवत नाही."

सुरी थांबली. लग्नाच्या पहिल्या दिवसांपासून ती ताटातली गाजरं वेचून त्यांच्या ताटात टाकायची. एकही खायची नाही.

"आणि... तिकडून येताना?"

"येताना तो खण तुझा!" धाकट्याने फट असलेल्या दातांतून सांगून टाकलं. बाबांना एवढंही माहीत नाही याची त्याला मजा वाटली.

"आधी आम्हीच आमच्यातलं ठेवायचो," थोरली म्हणाली. "आता आईच तो सगळ्यात आधी भरते आणि आम्हाला म्हणते, याला हात लावायचा नाही. आम्ही आंघोळीला गेल्यावर तू खातोस ना, बाबा? बाहेर येतो तर डबा धुतलेला असतो. आई विचारते, तेव्हा मी सांगते, सगळं संपवलं म्हणून."

डॉक्टरांनी गाजरं काढून बशीत ठेवली आणि कपाट उघडलं. तिला काय आवडायचं, ते आठवायचा प्रयत्न करत ते उघड्या कपाटासमोर नुसते उभे राहिले. ओट्यावरचं ऑम्लेट गार झालं होतं.

थोरली बूट घालायला बाहेर गेली आणि तिथूनच ओरडली.

"बाबा, विसरलेच मी! आई काल फोनवर विचारत होती, या वेळी मिरी जास्त झाली होती का?"